पार्टीनंतर एखादा तरुण बेपत्ता झाला (जसा 2024 मध्ये स्पेनच्या तेनेरीफ बेटावर एक इंग्लिश मुलगा झाला होता) की लोक लगेच घातपाताचे तर्क का लढवतात? त्याचा शोधाला काही उपयोग होतो का?

तुम्ही प्रश्नात 2024 च्या तेनेरीफ प्रकरणाचा उल्लेख केलाय, म्हणून लिहायला बसलो. उपयोगाचं आधीच सांगून टाकतो: तर्कांचा उपयोग शून्य, माहितीचा प्रचंड. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

माझं पुण्यात औषधाचं दुकान आहे, पण गेली चौदा वर्षं सह्याद्रीत हरवलेल्यांना शोधायला जाणाऱ्या एका टीमबरोबर दोर घेऊन फिरतो. आणि योगायोग असा, की तो मुलगा जिथून बेपत्ता झाला ते मास्का गाव मी पाहिलंय. बहीण इंग्लंडात असते, तिच्या कुटुंबाबरोबर प्रकरणाच्या आदल्या वर्षीच गेलो होतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (मुलाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ते पुरेसं चघळून झालंय.) इंग्लंडमधल्या लँकेशरचा 19 वर्षांचा मुलगा स्पेनच्या या बेटावर मित्रमैत्रिणींबरोबर संगीत महोत्सवाला गेला होता. दक्षिण किनाऱ्यावर रात्रभर पार्टी झाली. पहाटे, नव्याने ओळख झालेल्या दोघांच्या गाडीतून तो डोंगरातल्या मास्काला त्यांच्या भाड्याच्या घरी गेला. 17 जूनच्या सकाळी तिथून एकटाच चालत परत निघाला. साडेआठच्या सुमारास मैत्रिणीला फोन केला: वाट चुकलोय, तहान लागलीय, बॅटरी एक टक्का उरलीय. थोड्याच वेळात फोन बंद.

इथपर्यंतची गोष्ट डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही सांगा, तो विचारेल, 'खाली कुठे उतरला असेल?' पण पुढच्या दोन आठवड्यांत जगाने विचारलं ते वेगळंच. ते दोघे कोण होते? ड्रग्जची टोळी असणार. चोरीच्या रोलेक्स घड्याळाचं काहीतरी आहे. मैत्रीण खोटं बोलतेय. आई टीव्हीवर रडली का नाही? फेसबुकवर ग्रुप निघाले, त्यात लाखो लोक. टिकटॉकवाले विमानाची तिकिटं काढून बेटावर पोचले आणि त्याच डोंगरात कॅमेरा धरून फिरायला लागले. लँकेशर पोलिसांनी मदत देऊ केली होती, स्पेनच्या पोलिसांनी 'आमची माणसं पुरेशी आहेत' म्हणून नाही म्हटलं. झालं, यात नक्की पाणी मुरतंय!

आता जागेबद्दल. मास्का म्हणजे साधारण सहाशे मीटर उंचीवरचं, दांडावर चिकटून बसलेलं वीस-पंचवीस घरांसारखं दिसणारं गाव. खाली थेट समुद्रापर्यंत जाणारी खोल घळ. दगड आपल्यासारखाच काळा, ज्वालामुखीचा. पण आपल्याकडे कारवीचं झुडूप तरी हाताला लागतं, तिथे हात घालावा तर फड्या निवडुंग. मी गावाच्या कडेला एका वाटेवर जेमतेम पन्नास पावलं खाली उतरलो असेन, पायाखालचा घसारा असा सरकायला लागला की बसून, हातांवर रेलत परत आलो. भाची वरून हसत होती. घळीतली अधिकृत वाट आधी नोंदणी करून, डोक्यावर हेल्मेट घालूनच करू देतात, ती काय उगीच नाही. आणि गंमत म्हणजे वरून समुद्र असा समोर, हाकेच्या अंतरावर दिसतो. रात्रभर न झोपलेल्या, तहानलेल्या, त्या भागाची काडीची माहिती नसलेल्या पोराला वाटलं असेल की सरळ उतरलो की पोचलोच, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

वाट चुकलेला माणूस खाली उतरतो. आमच्या कामातली ही पहिली शिकवण. ओढ्याने गेलं की गाव लागतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, आणि सह्याद्रीत तो ओढा एखाद्या कातळटप्प्यावरून सरळ खाली पडतो. माणूस वर चढू शकत नाही, खाली जाऊ शकत नाही. नाहीतर घसरतो.

काही वर्षांपूर्वी मुळशीच्या अंगाला अशीच एक मोहीम झाली. फार्महाउसवर पावसाळी पार्टी, सहा मित्र, त्यातला एक रात्री दोनच्या सुमारास बाहेर पडला तो आलाच नाही. आम्ही पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे तीन. तोवर एक ऑडिओ क्लिप सगळीकडे फिरली होती. एक बाई अगदी खात्रीने सांगत होती की मित्रांनीच पैशावरून मारून टाकलंय, आणि गाडी खोपोलीजवळच्या ढाब्यावर दिसलीय. मुलाच्या काकांनी ती मला तीनदा ऐकवली. पावसात, फोनवर रुमाल धरून. मग काय करणार, पोलीस आणि आमच्यातले चौघे खोपोलीला. अर्धा दिवस गेला. ढाब्यावर कुणीच नव्हतं.

ते पाचही मित्र फार्महाउसच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले. त्यातला एक जण आदल्या रात्रीपासून टॉर्च घेऊन शोधत होता, त्याच्या दोन्ही पोटऱ्या कारवीने सोलून निघाल्या होत्या. गावात जमलेली माणसं त्यालाच बोट दाखवत होती, कारण 'बघा, अंगावर झटापटीच्या खुणा आहेत.'

शेवटी मुलगा सापडला तो शेळ्या राखणाऱ्या एका दहा-बारा वर्षांच्या पोरामुळे. त्याने सकाळी पलीकडच्या नाळेत, म्हणजे अरुंद खड्या घळीत, एक चप्पल पाहिली होती. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारे शंभर होते, खरा शेळ्यावाला एकच. नाळेत तिसऱ्या टप्प्याखाली बॉडी मिळाली. पाय घसरला होता, बाकी काही नव्हतं.

लोक असं का करतात, यावर मी बराच विचार केलाय. मौज हे कारण आहेच. पण मला वाटतं खरं कारण भीती आहे. एकोणीस वर्षांचं धडधाकट पोर नुसता पाय घसरून जातं हे पचत नाही. खुनी असला, टोळी असली, वाईट संगत असली की बरं. मग आपलं पोर सुरक्षित, कारण आपलं पोर तसल्या लोकांत नसतंच.

तेनेरीफचं पुढे काय झालं? 30 जूनला मोठी शोधमोहीम थांबली, तेव्हा लोकांनी 'बघा, प्रकरण दाबलं' असं म्हटलं. प्रत्यक्षात ग्वार्दिया सिविलचं (स्पेनच्या पोलीस दलाचं) डोंगरी पथक गाजावाजा न करता शोधत राहिलं होतं. 15 जुलैला त्यांना मास्काजवळच्या एका दुर्गम दरीत मृतदेह मिळाला. 29 दिवस शोध अखंड चालू होता आणि बघ्यांची गर्दी होऊ नये याची काळजी घेतली, असं त्यांनी निवेदनात सांगितलं. हे वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली. आम्हाला दर मोहिमेत हेच हवं असतं आणि कधीच मिळत नाही.

नंतर इंग्लंडात प्रेस्टनला कोरोनरपुढे चौकशी झाली. (कोरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी; मुंबईतही 1999 पर्यंत होता.) त्या रात्री बरोबर असलेल्यांना तिथे प्रश्न विचारले गेले, फोनच्या नोंदी तपासल्या, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी साक्ष दिली. उंचावरून पडून डोक्याला गंभीर इजा. मारहाणीच्या किंवा धरून ठेवल्याच्या खुणा नाहीत. जुलै 2025 मध्ये निष्कर्ष आला: अपघाती मृत्यू. ही बातमी लाखोंच्या ग्रुपातल्या किती जणांनी पुढे पाठवली असेल?

तुमच्या ओळखीत कधी असं झालंच तर: 24 तास थांबायचं असं काही नसतं, लगेच 112 ला फोन करा, पोलीस ठाण्यात मिसिंगची तक्रार दाखल करा. शेवटचा फोटो, कपड्यांचा आणि चपलांचा रंग, शेवटचा फोन किती वाजता, कुठून, हे एका कागदावर लिहून द्या. फोन घेणारा माणूस एकच ठेवा. आणि आसपासच्या वाडीवर जाऊन गुराख्यांना विचारा.

ती खोपोलीच्या ढाब्याची क्लिप मला गेल्या पावसाळ्यात परत आली. तीच बाई, तोच आवाज. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आंबोलीची आजची घटना, जास्तीत जास्त शेअर करा.'