उशाशी तांब्या का लागतो?

प्रश्न : ताई, माझं वय ४७. गेले दोन-तीन महिने मला सारखं लघवीला जावं लागतं. रात्री तीन-चारदा उठते, त्यामुळे ह्यांची झोपमोड होते आणि सकाळी चिडचिड. पुढच्या महिन्यात नागपूरला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, सगळे एकाच गाडीने जाणार. हे चारचौघांत म्हणाले, "हिच्यासाठी दर तासाला गाडी थांबवावी लागणार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाई म्हणतात, पाळी जायच्या वयात असं होतंच. संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचं नाही असं ठरवलं, पण जमत नाही. घसा कोरडा पडतो, उशाशी तांब्या ठेवते, तो पहाटेपर्यंत संपतो. लग्नाला येत नाही हे कुणाला न दुखवता कसं सांगू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : बाई गं, नणंदेला काय सांगायचं ते मी सुचवणार नाही. पत्रभर गाडी, लग्न आणि यजमानांचं बोलणं आहे. तांब्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं.

पाणी पिते म्हणून जावं लागतं, असं तुम्ही धरून चालला आहात. मला उलटं वाटतंय. पाणी लघवीवाटे निघून जातंय, म्हणून तुम्हाला तहान लागतेय. मला शंका मधुमेहाची येतेय. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना अंगातलं पाणी ओढून नेते. मग घसा कोरडा, मग तांब्या, मग पुन्हा उठणं. अशा वेळी पाणी तोडलं तर लघवी थांबत नाही, शरीर सुकत जातं. म्हणून तो सहा वाजताचा नियम आजच मोडा. तहान लागेल तेवढं पाणी प्या. सरबत, उसाचा रस, थंड पेयं मात्र नकोत.

जाऊबाईंचं अगदीच चूक नाही. पाळी जायच्या सुमारास लघवी रोखून धरणं अवघड जातं, घाई होते. पण त्याने रात्रीतून तांब्या रिकामा होत नाही. जळजळ, दुर्गंधी आणि दर वेळी थोडीथोडीच लघवी असती तर मी आधी जंतुसंसर्गाचा विचार केला असता. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, गर्भाशयातल्या गाठीचा मूत्राशयावर दाब येतो, पुरुषांना उतारवयात प्रोस्टेट त्रास देतं. कारणं पुष्कळ आहेत. तहान आणि लघवी जोडीने वाढली की मात्र साखर आधी बघायची. एक सांगा, हल्ली ब्लाउज ढिले होतायत का? न प्रयत्न करता वजन उतरलं असेल आणि कुणी "छान बारीक झालीस" म्हणालं असेल, तर त्या कौतुकावर जाऊ नका.

यजमान चारचौघांत तसं बोलले ते वाईटच. पण मला राग वेगळ्याचा आलाय. दोन-तीन महिने तुम्ही रात्री उठताय, घरातल्या प्रत्येकाकडे त्यावर मत आहे, आणि तुमच्या बोटातून रक्ताचा एक थेंब कुणी काढून बघितला नाही. तुम्हीसुद्धा नाही. त्यांची झोपमोड होते म्हणून लिहिलंत, स्वतःच्या झोपेबद्दल एक शब्द नाही.

तेव्हा उद्या सकाळी चहासुद्धा न घेता लॅबमध्ये जा. आठ तासांचा उपास हवा, साधं पाणी चालतं. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्तचाचणी) आणि लघवीची तपासणी, एवढं करून घ्या. पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात जा, तिशीपुढच्यांची साखर तिथे मोफत तपासतात. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी साडेसहा किंवा जास्त आलं, तर तो मधुमेहाचा आकडा. रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, शेजारणीने सांगितलेला कारल्याचा रस पीत बसू नका. साखर नॉर्मल आली तरी जायचंच. मग कारण दुसरं आहे आणि ते शोधायला हवं.

उद्यापर्यंतही थांबायचं नाही अशा काही गोष्टी आहेत. उलट्या, पोटदुखी, धाप लागणं किंवा गुंगी. थंडी वाजून ताप आणि कमरेत एका बाजूला दुखणं. लघवीतून रक्त, किंवा लघवी अडकणं. यातलं काहीही झालं तर रात्र असो की पहाट, यजमानांना उठवा आणि दवाखाना गाठा. त्यांची झोप मोडू द्या.

लग्नाला अजून वेळ आहे. साखर असेल आणि औषधाने खाली आली, तर ही तहान आणि हे उठणंही कमी होतं, बऱ्याच जणांना थोड्याच दिवसांत फरक जाणवतो. म्हणून नणंदेला आत्ताच नकार कळवू नका. आधी रिपोर्ट आणा, आणि डॉक्टरांकडे जाताना यजमानांना बरोबर घ्या, म्हणजे गाडी का थांबवावी लागते ते त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे.