बर्फातल्या ट्रेकला जाताना हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा? एखादं ॲप आहे का?

ॲप आहे, पण ते उताराचा कोन मोजण्यापुरतं. खरं तर उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: "सह्याद्रीत पंधरा वर्षं ट्रेक केलेत, त्यामुळे अनुभव आहे."

नाही. हा अनुभव बर्फात उलटा पडतो. आपल्याला नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली उभी घळ, दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात, कारण कड्यातून वर जायची वाट नाळेतच सापडते. बर्फात मात्र वरच्या सगळ्या उतारांवरून सुटलेलं नाळेतच येतं आणि तिथंच साचतं. उघड्या उतारावर कमरेपर्यंत आलं असतं ते नाळेत डोक्यावरून जातं.

मार्चचा पहिला आठवडा, मनालीजवळच्या सोलंगच्या वर, ब्यास कुंडाकडे जाताना. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख उघडलेलं, गुडघाभर ताजा बर्फ. आमच्या लीडरना सगळे दादा म्हणतात. त्यांनी एक नाळ दाखवली, थेट धारेवर निघणारी. बरोबरचा तिथलाच गाईड म्हणाला, "आज नहीं साबजी, रात को हवा चली है." आम्हाला वाटलं, थंडीचं सांगतोय. तो सांगत होता ते वेगळंच. वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगाला टाकतो. आभाळातून चिमूटभर न पडताही तिथं जाड थर बसतो, वर घट्ट आणि खाली भुसभुशीत.

दहाएक पावलं गेलो आणि पायाखाली 'धप्प' झालं, गोदामात पोतं टाकावं तसं. माझ्या बुटापासून एक भेग सरळ पुढे धावली. वरच्या उताराचा कोन मोजला, ३६ अंश. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांतच सुटतात. मी म्हटलं, मी येत नाही. दादा म्हणाले, "हरिश्चंद्रगडाची नळीची वाट भर पावसात उतरलोय आपण, आणि हे काय!"

दादा आणि चौघं वर गेले. मी आणि गाईड नाळेच्या बाहेर, सोंडेवर उभे राहून बघत बसलो. अडीच तासांत सगळे ठणठणीत परत. धारेवरचा तो फोटो अजून ग्रुपचा डीपी आहे, आणि दर कोजागिरीला 'बर्फ धपकला आणि हा पळाला' हा किस्सा दुधाबरोबर वाटला जातो.

दादा, वाचत असाल तर: त्या दिवशी नाळ सुटली नाही, एवढंच सिद्ध झालं. अनुभवाचंच म्हणाल तर ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा तेव्हा पत्ताच लागला नाही. त्यात प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, त्याच मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेल्या.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज बघा. पण इशारा अख्ख्या भागासाठी असतो, तुमच्या समोरच्या उतारासाठी नाही. ताजी स्खलनं, धप्प, धावणारी भेग, मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला दिवस, अचानक वाढलेलं ऊन: यातलं एकही दिसलं तर मागे फिरा. बीकन (गाडलेल्याचा ठिकाणा सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत काढला नाही तर आशा झपाट्यानं कमी होते. तेवढ्यात खालून मदत येत नसते.

हो, आणि माझा गिर्यारोहणाचा फक्त बेसिक कोर्स झालाय. बर्फात खड्डा खणून थर तपासायचं मी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तीनदाच केलंय, तेव्हा ते माझ्याकडून शिकू नका. तिथल्या गाईडला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका.

त्या गाईडचे त्या दिवसाचे पैसे दादांनी कापायला लावले होते, 'वर आलाच नाही' म्हणून. ते मी दिले.