ग्राफिक डिझायनिंग तुमच्या काळापासून किती बदललं? एआय आल्यावर आता यात करिअर करावं का?

मी १९८९ पासून हेच करतोय. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर, टाइपसेट होऊन यायचा, तो कटरने कापायचा, मागे रबर सोल्युशन लावून बोर्डावर टी-स्क्वेअर (टी आकाराची पट्टी) धरून सरळ चिकटवायचा, वर ट्रेसिंग पेपर टाकून त्यावर रंगांच्या सूचना लिहायच्या, मग कॅमेऱ्याने त्याची निगेटिव्ह, मग त्यावरून छपाईची प्लेट. एखादी वेलांटी चुकली तर नवीन ब्रोमाइडची वाट कोण बघणार, जुन्या तुकड्यातली वेलांटी कापून चिमट्याने बसवायचो, आणि तेवढ्यात कोणी पंखा लावला की शोधा मग जमिनीवर!

म्हणजे दुरुस्ती महागात पडायची. म्हणून क्लायंट आधी बसून काय पाहिजे ते ठरवायचा. माझ्या मते खरा बदल इथे झालाय, सॉफ्टवेअरचा नंबर त्याच्या मागे.

पानं मांडायचं सॉफ्टवेअर पेजमेकर १९८५ चं, फोटोशॉप १९९० चं, माझ्या टेबलावर दोन्ही बरीच उशिरा आली. फोटोशॉपला लेयर (एकावर एक वेगळे थर) मिळाले १९९४ मध्ये आणि हिस्टरी पॅलेट (केलेल्या बदलांची यादी) १९९८ मध्ये, तोपर्यंत अन्डू एकच, एक पाऊल मागे आणि बस, हे आत्ताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना थाप वाटते. देवनागरीचा वेगळाच ताप, फॉन्ट युनिकोड (सगळीकडे एकच कोडिंग) नसायचे, प्रत्येकाचा कीबोर्ड आणि कोडिंग वेगळं. एकदा मी फाइल तशीच प्रेसला पाठवली, तिथे तो फॉन्ट नव्हता आणि अख्ख्या माहितीपत्रकात नुसते चौकोन आणि इंग्रजी चिन्हं. चूक माझीच. तेव्हापासून मजकूर कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केल्याशिवाय, फाइल देत नाही, आजही नाही.

या सगळ्यात टाइपसेटर गेला, पेस्टिंगवाला गेला, कॅमेरावाला गेला, छपाईसाठी रंग वेगळे करणारा सेपरेशनवाला गेला, आणि चौघांचं काम आमच्याच गळ्यात आलं. वर दुरुस्ती फुकट झाली, त्यामुळे ती संपेनाशी झाली. 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' या नावाच्या फाइली आमच्या पिढीत नव्हत्याच हो, कारण बोर्ड एकच असायचा.

आता एआय. क्लायंट स्वतःच चित्र बनवून आणतो आणि म्हणतो फक्त नाव टाका, मोठं बॅनर करायचंय. चित्र असतं १०२४ पिक्सेलचं, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम साडेतीन इंच. बॅनर लांबून बघतात म्हणून रिझोल्युशन कमी चालतं, पण इतकंही नाही. त्यात मराठी अक्षरं चित्रातच आली असतील तर जोडाक्षरांचं काय झालंय ते बघवत नाही. चित्र सुंदर असतं, खोटं कशाला बोलू, मला दोन दिवस लागले असते. पण पोस्टर कोण बघणार, किती लांबून, त्यात आधी काय वाचलं गेलं पाहिजे, हे एआयने कोणालाच विचारलेलं नसतं.

तेव्हा या क्षेत्रात या, पण फक्त टूल येतं म्हणून येऊ नका, ते काम आता कोणीही करतं. छपाई, अक्षरं आणि क्लायंटला प्रश्न विचारणं शिका. आणि पहिल्याच कामाला किती वेळा बदल करून देणार ते लिहून द्या, मी तीनदा म्हणतो, चौथ्यापासून वेगळे पैसे.