‘डिस्क्रिशनरी’ म्हणजे अनावश्यक का?

एका वाचकाने विचारले आहे की, अर्थविषयक बातम्यांत ‘कन्झ्युमर डिस्क्रिशनरी’साठी ‘अनावश्यक वस्तू’ असे लिहिलेले दिसते, ते बरोबर आहे का?

माझ्या मते चूक आहे, आणि ती वाचणाऱ्याची दिशाभूल करते. ज्याची गरजच नाही ते अनावश्यक. डिस्क्रिशनरी म्हणजे घ्यायचे की नाही, आत्ता की पुढच्या दिवाळीला, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर असलेले.

एमएससीआय आणि एस अँड पी या शेअर बाजाराचे निर्देशांक काढणाऱ्या संस्थांनी १९९९ मध्ये उद्योगांची जी वर्गवारी आणली, ती पाहा. तिच्यात मोटारी, कपडे, हॉटेले, घरगुती उपकरणे डिस्क्रिशनरी गटात आहेत. सिगारेट मात्र ‘स्टेपल्स’मध्ये, म्हणजे नित्य लागणाऱ्या वस्तूंत, खाद्यपदार्थ आणि साबणाच्या पंगतीला! कपडे अनावश्यक आणि सिगारेट आवश्यक, असे कोण म्हणेल? हात आखडता घ्यायची वेळ आली की माणूस नवा फ्रिज पुढे ढकलतो, सिगारेट सहसा सोडत नाही. वर्गवारी या वागण्याची आहे.

अमेरिकेच्या अर्थसंकल्पात संरक्षणखर्चही बहुतांशी डिस्क्रिशनरीच, कारण त्याला दरवर्षी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन कायद्यानेच बांधलेले, म्हणून ते ‘मँडेटरी’. तिथे ‘अनावश्यक’ लिहिले तर अख्खे लष्कर अनावश्यक ठरेल.

‘डिस्क्रिशन’चे मूळ लॅटिन ‘डिसकेर्नेरे’मध्ये आहे: वेगळे काढणे, पारखणे. आपला ‘विवेक’सुद्धा ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे या धातूवरून आलेला. नीरक्षीरविवेकातला विवेक तो हाच. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १६३ मधील राज्यपालांच्या डिस्क्रिशनरी अधिकाराबद्दल बोलताना ‘स्वविवेक’ हा शब्द चपखल बसतो. सरकारी ‘डिस्क्रिशनरी कोट्या’संदर्भात वापरला जाणारा ‘स्वेच्छाधिकार’ मला तितका पटत नाही. त्यात इच्छा उरते, पारख गळून पडते.

पण मिक्सरला कुणी ‘स्वविवेकाधीन वस्तू’ म्हणणार नाही. मग काय म्हणावे? ‘चैनीच्या वस्तू’ नको, त्या लक्झरीच्या. शाळेला जाणाऱ्या मुलीची सायकल ही काही चैन नव्हे. ‘वरखर्च’ही नको, तो किरकोळ खर्च. ‘हौसेचा खर्च’ हा शब्द फार गोड आहे, सहलीला, दागिन्याला शोभतो, पण बंद पडलेल्या मिक्सरच्या जागी नवा घेण्यात हौस कसली? शाळा-कॉलेजातल्या ऐच्छिक विषयामुळे ‘ऐच्छिक’ हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे, आणि ऐच्छिक विषयाला कुणी अनावश्यक समजत नाही. तेव्हा बातमीत सरळ लिहावे: ‘पाऊस लांबल्याने ग्रामीण भागात ऐच्छिक खरेदीला कात्री लागली.’

‘अनावश्यक’ हा शब्द ‘सुपरफ्लुअस’साठी राखून ठेवावा. ‘परत पुन्हा एकदा’ असे आपण लिहितो, त्यातले दोन शब्द खरोखरच अनावश्यक असतात.