वाचकांचे प्रश्न : प्रवाळांच्या टाकीत ठाण मांडून बसलेले शेवाळ

प्रश्न : सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीतील आमच्या घरी गेल्या चौदा महिन्यांपासून खाऱ्या पाण्याची २०० लिटरची टाकी आहे. तीत क्लाउनफिशची एक जोडी, एक गोबी, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी) आणि झोअँथस, मशरूम व लेदर कोरल असे मऊ प्रवाळ आहेत. चार महिन्यांपासून खडकांवर गडद हिरवे, पिसासारखे दिसणारे शेवाळ माजले असून आता ते झोअँथसच्या गर्दीतूनही डोके वर काढू लागले आहे. आम्ही ते हाताने उपटून पाहिले, दोनदा तीन-तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकून ठेवली, वीस टर्बो गोगलगाई सोडल्या. दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलतो. ते घरच्या पिण्याच्या आरओचे असते. रोज बाष्पीभवनाने कमी होणारे दोन-एक लिटर पाणीही त्यातूनच भरतो. टेस्ट किटवर नायट्रेट २ पीपीएम आणि फॉस्फेट शून्य येते. मग हे शेवाळ जगते तरी कशावर? दुकानदाराने शेवाळ मारण्याचे औषध दिले आहे, त्याच्या बाटलीवर तांब्याचा उल्लेख आहे. ते घालावे काय? सगळे खडक एकदा उकळून घ्यावेत, असेही एका परिचितांनी सुचवले आहे.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सर्वांत आधी एवढेच सांगतो की ती बाटली उघडू नका आणि खडक उकळू नका. तांबे शेवाळाला मारते हे खरे, पण कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ यांना त्याची अगदी थोडी मात्राही सोसत नाही, आणि चुनखडीचे खडक व वाळू ते शोषून घेत असल्याने पाणी कितीदा बदलले तरी ती टाकी पुढे अनेक महिने या जिवांना धोक्याची राहते. उकळण्याचा सल्ला तर माणसांच्याच जिवावर बेतणारा आहे. झोअँथस आणि त्यांचे भाईबंद पॅलिथोआ यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचे विष असू शकते आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. असे खडक उकळल्याने किंवा गरम पाण्याने घासल्याने उठलेल्या वाफेमुळे घरातल्या माणसांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत. थंड पाण्यातही हे खडक हाताळताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. बोटाला चीर असेल तर ते काम पुढे ढकलावे.

आता किटवरच्या शून्याविषयी. किट मोजते ते पाण्यात उरलेले फॉस्फेट. शेवाळाने आधीच उचललेले त्याला दिसत नाही. महिनाअखेरीस खात्यात शिल्लक नाही म्हणून पगारच झाला नाही असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे. माशांना घातलेल्या खाद्यातून फॉस्फेट रोज येते, आणि चुनखडीच्या खडकाने आधीच्या महिन्यांत स्वतःत मुरवून ठेवलेले फॉस्फेटही पाण्यातली मात्रा उतरली की हळूहळू बाहेर सुटते. खडकालाच चिकटलेल्या शेवाळाच्या पुढ्यात हे ताट सर्वांत आधी येते.

आपल्या पत्रातले आरओचे वाक्य मात्र मी दोनदा वाचले. पिण्याच्या पाण्याच्या बहुतेक घरगुती यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे लिटरमागे मिलिग्रॅममधले प्रमाण) कंट्रोलर असतो; चव राहावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडे कमी गाळलेले पाणी मिसळतो, आणि काही यंत्रांत त्यापुढे खनिजे घालणारे काडतूसही असते. पिणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय आहे, प्रवाळांच्या दृष्टीने नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या यंत्राखाली स्टीलचा पेला धरून त्यात खिशातला टीडीएस मीटर बुडवला तेव्हा आकडा ६८ आला होता आणि तोवर मीही ते पाणी ‘शुद्ध’ समजून दोन वर्षे टाकीत ओतत होतो. आपल्याकडे हा आकडा ६० धरला, तरी रोज दोन लिटर या हिशेबाने चौदा महिन्यांत साडेआठशे लिटरच्या घरात, म्हणजे चार टाक्यांहून अधिक पाणी आपण नुसते टॉप-अपसाठी घातले आहे. वाफ होताना पाणी तेवढे जाते, विरघळलेले मागे राहते. ते जवळजवळ ५० ग्रॅम भरते. त्यातला बराचसा भाग कॅल्शियम वगैरे निरुपद्रवी क्षारांचा असेल, पण नायट्रेट आणि सिलिकेट हेही त्यात आलेच. नायट्रेट अडवण्यात आरओचा पडदा इतर क्षारांच्या मानाने कमजोर असतो, आणि आपल्या भागात इमारतीला बोअरचे पाणी असेल तर उसाला दिलेल्या खतांचा अंश त्यात उतरलेला असण्याची शक्यता धरून चालावे. दर आठवड्याला बदललेल्या पाण्याने यातले काही बाहेर गेले, परंतु नवे मीठ आपण कालवले तेही त्याच पाण्यात.

तेव्हा पहिला खर्च औषधावर न करता टाकीसाठी वेगळ्या आरओवर आणि त्याच्या पुढे बसवायच्या डीआय रेझिनच्या, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या, डब्यावर करावा. त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य आला पाहिजे. रेझिन संपत आले की त्याने धरून ठेवलेले सिलिकेट सर्वांत आधी निसटते आणि मीटरला ते नीट दिसतही नाही. म्हणून आकडा १ वर सरकला की रेझिन बदलावे, ५ होण्याची वाट पाहू नये.

रंकाळा तलावाच्या काठी राहणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. जलपर्णी कितीही काढली तरी सांडपाणी येत राहिले की ती पुन्हा पसरते. त्याच वेळी हेही खरे की काठावर ओढून काढलेली जलपर्णी स्वतःत साठवलेले खतही पाण्याबाहेर आणते, आणि तीच पाण्यात कुजू दिली तर ते खत परत पाण्यात मिसळते. आपल्या टाकीतही शेवाळ टाकीच्या आत मारण्यापेक्षा बाहेर काढणे अधिक लाभाचे, ते याच कारणाने. आपण तीन दिवस काळोख केलात तेव्हा ते मरगळले असेल, पण खडकाच्या छिद्रांतले धागे जिवंत राहिले आणि वर जे कुजले त्याचे खत त्यांनाच मिळाले.

काढण्यापूर्वी ते नेमके कोणते आहे हे ओळखावे. चिमट्याने एक झुपका उपटून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात ठेवा आणि भिंगातून पाहा. मधला देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोराच्या पिसासारखे बारीक फाटे दिसले तर ते ब्रायोप्सिस. फाटे नसलेले नुसते केसासारखे धागे असतील आणि पाण्याबाहेर उचलताच ते ओल्या कापसासारखे लोळागोळा होत असतील, तर ते साधे केसाळ शेवाळ. आपल्या वर्णनावरून हे ब्रायोप्सिस असावे, आणि तसे असेल तर वीस टर्बो उपाशी का बसल्या याचेही उत्तर मिळते. कोवळे केसाळ शेवाळ त्या आवडीने खातात, ब्रायोप्सिसला सहसा तोंड लावत नाहीत. आणखी गोगलगाई आणू नयेत; आहेत त्यांतल्या काही मेल्या तर शेवाळाला तेवढेच खत.

ब्रायोप्सिसचा तुटलेला तुकडाही दुसरीकडे रुजतो, त्यामुळे टाकीत हात घालून उपटणे हा ते पेरण्याचाच प्रकार ठरतो. दर आठवड्याला, पाणी बदलण्याच्या दिवशी, एक-दोनच खडक बाहेर काढावेत. टाकीतूनच उपसलेल्या पाण्याच्या बादलीत खडक धरून चिमट्याने झुपके मुळाशी उपटावेत, राहिलेले जुन्या टूथब्रशने घासावे आणि मग खडक क्षणभर हवेत धरून उरलेल्या हिरव्या ठिपक्यांवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मऊ ब्रशने लावावे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बहुधा ६ टक्क्यांची असते. लेबल वाचून तेवढेच शुद्ध पाणी मिसळले की ती ३ टक्क्यांची होते. ठिपका लगेच फसफसतो. दोन-तीन मिनिटांनी खडक दुसऱ्या बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात नीट खंगाळून परत ठेवावा. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती जागा पांढुरकी पडलेली दिसेल. पेरॉक्साइड प्रवाळांच्या अंगाला लागू देऊ नये, आणि क्लीनर श्रिम्पला ते विशेष बाधते म्हणून खंगाळण्यात आळस करू नये. बादलीतले पाणी टाकीत परत ओतायचे नाही, हे लिहिण्याची गरज नसावी. पण एका वर्षी घाईघाईत मी स्वतःच ते केले आहे.

ज्या खडकावर झोअँथस दाटीने बसले आहेत तेथे हे कठीण आहे. तेथे पंप बंद करून, एका हाताने चिमटा चालवताना दुसऱ्या हाताने बारीक नळीने तुकडे ओढून घ्यावेत. काम किचकट आहे, घरातल्या कोणाची तरी मदत घ्यावी.

चरणाऱ्या जिवांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे डायडेमा जातीचे सागरी अर्चिन एका रोगाने जवळजवळ नाहीसे झाले आणि जमैकाच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ काही वर्षांत शेवाळाखाली गेले. तेथे आधीच शेवाळ खाणाऱ्या माशांची अतोनात मासेमारी झालेली होती. आपल्या टाकीला एखादा छोटा टक्सिडो अर्चिन पुरेल, पण तो खडक साफ झाल्यावर नव्या कोंबांवर पहारा ठेवण्यासाठी. माजलेले रान तो साफ करणार नाही. फॉक्सफेस मासा घेण्याचा मोह होईल, मात्र २०० लिटरची टाकी त्याला अपुरी आहे.

पाणी सुधारले आणि दोन महिने खडक साफ केले की फॉस्फेट मोजता येईल इतके दिसू लागेल. त्याने घाबरून जाऊ नये. ते उचलणारे शेवाळ कमी झाल्याची ती खूण आहे. ०.०३ ते ०.१ पीपीएम फॉस्फेट आणि ५ ते १० पीपीएम नायट्रेट एवढे असू द्यावे. फॉस्फेट त्याहून वाढले तर लोहाचे दाणेदार ऑक्साइड, म्हणजे दुकानात जीएफओ नावाने मिळते ते, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे घालून सुरुवात करावी. दोन्ही आकडे शून्यावर नेण्याचा हट्ट मी एकदा केला होता. शेवाळ गेले, आणि महिन्याभरात वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी, शेंबडासारखी लाळ पसरली. ते डायनोफ्लॅजेलेट होते, आणि त्यांच्या तुलनेत ब्रायोप्सिस सज्जन म्हणावे लागेल. गोठवलेले खाद्य गाळणीत धुऊन घालावे असे सगळेच सांगतात. धुवावे, पण त्याने फार मोठा फरक पडेल अशी आशा ठेवू नये. खाद्य थोडे घालणे अधिक उपयोगी.

इतके करून तीन महिन्यांनंतरही ब्रायोप्सिस परत येत असेल, तर फ्लुकोनॅझोल हा उपाय उरतो. माणसाच्या बुरशीच्या आजारावरचे हे औषध ब्रायोप्सिसवर बऱ्याचदा चालते. छंदिष्टांत रूढ असलेली मात्रा लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम आहे. खडक-वाळूची जागा वजा जाता आपल्या टाकीत १७० लिटर पाणी धरले तर ८५० मिलिग्रॅम होतात. औषध असेपर्यंत कार्बन (पाणी गाळण्याचा सक्रिय कोळसा) काढून ठेवावा, स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र) उतू जात असल्याने तो बंद ठेवून हवेचा पंप लावावा, आणि दोन ते तीन आठवडे थांबावे. पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाहीसे वाटते. मी हा उपाय शेवटी लिहिला आहे तो मुद्दाम. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे, आणि बुरशीनाशक मिसळलेले पाणी तसेच गटारात सोडले तर ते पुढे पंचगंगेकडेच जाणार. उपचार संपल्यावर काही दिवस ताजा कार्बन चालवून मगच पाणी बदलावे.

प्रश्न : माझ्याही टाकीत शेवाळ आहे. आरओचा खर्च टाळून मालवणहून समुद्राचे पाणी आणि तेथलेच प्रवाळ-खडक आणले तर निसर्गतःच संतुलन साधेल काय?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : खडकांचा विचार मनातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळांचा समावेश आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला त्यांचा मृत सांगाडा उचलूनही आपण अडचणीत येऊ शकता. मालवणचा काही भाग तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. राहिले पाणी. किनाऱ्यालगत, विशेषतः खाडीच्या मुखाशी आणि बंदरापाशी, त्यात नद्यांनी आणलेले खत आणि सांडपाणी असते. पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. घाट चढून कॅनमध्ये येईपर्यंत त्यातले सूक्ष्म जीव मरू लागतात. शेवाळाने त्रस्त झालेल्या टाकीत ते ओतू नये. शिवाय बाष्पीभवनाची भरपाई करायला शुद्ध गोडे पाणी लागणारच, त्यामुळे आरओचा खर्च काही सुटत नाही.

प्रश्न : वाळूवर लालसर किरमिजी साय धरते. सकाळी ती विरळ असते, दुपारपर्यंत पुन्हा दाट होते. हेही ब्रायोप्सिसच काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. ब्रायोप्सिसवरचे फ्लुकोनॅझोल त्यांच्यावर चालत नाही आणि त्यांना मारायला प्रतिजैविक वापरू नये, कारण त्याने टाकीतले उपयुक्त जिवाणूही दगावतात. दुपारी साय पुरती जमली की पाणी बदलण्याच्या नळीने ती कडेपासून गुंडाळत ओढून घ्यावी. सकाळी ओढू गेल्यास हाती वाळूच येते. नायट्रेट मोजून पाहा, ते शून्य असून फॉस्फेट मात्र असल्यास खाद्य आणखी तोडू नये. त्या कोपऱ्याकडे छोट्या पंपाचे तोंड वळवावे, म्हणजे वाळूवर गाळ बसणार नाही. वीज जाऊन परत आल्यावर तो पंप सुरू झाला की नाही, हेही एकदा वाकून पाहावे.