कमांड लाइन टूलमध्ये ‘दहा किंवा जास्त’, ‘पन्नासपर्यंत’ अशी एका बाजूने उघडी रेंज कशी लिहून घ्यावी?

तुमच्या टूलमध्ये आकार, ओळी आणि तापमान असे तीन फिल्टर आहेत आणि तिघांची तीन तऱ्हा: एकाला किमान-कमाल जोडी, एकाला `+`, एकाला `१०-५०`. मी तिन्हीकडे दोन डॉट ठेवेन: `१०..५०`, `१०..`, `..५०`. नुसतं `१०` म्हणजे नेमके दहा. दोन्ही टोकं धरून.

डॅश सगळ्यांनाच आधी सुचतो, पण टाळा. ओळीतले रकाने (फील्ड) काढून देणारी `कट` कमांड घ्या: `कट -एफ -५` पहिली पाच फील्ड देतं. वेबवरून फाइलचा तुकडा मागायच्या एचटीटीपीच्या रेंज हेडरमध्ये `-५००` म्हणजे शेवटचे ५०० बाइट. वापरणारा यातला कुठला अर्थ डोक्यात घेऊन येईल, काय सांगावं? शिवाय तापमान उणे असलं की `-१०--५` वाचून दाखवा!

`+` आणि `-` ही फाइली शोधणाऱ्या `फाइंड` कमांडची तऱ्हा. टाइप करायला सोपी, पण ‘पेक्षा जास्त’ की ‘तेवढं किंवा जास्त’ हे त्यातून कळत नाही. `फाइंड`ला `-एमटाइम +१` दिलं की किमान दोन दिवस जुन्या फाइली मिळतात, कारण आधी दिवसाचा अपूर्णांक कापला जातो, मग ‘एकपेक्षा जास्त’ तपासलं जातं. `>` तर नकोच. अवतरणचिन्हं विसरली की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ ‘आउटपुट फाइलीत लिही’ असा घेतो आणि `१०` नावाची फाइल करून मोकळा.

किमान-कमाल जोडीला मी नावं ठेवत नाही. फिल्टर एकच असता तर तीच सुचवली असती. तीन फिल्टरना मात्र सहा ऑप्शन होतात, आणि `..५,२०..` असे दोन तुकडे एकदम मागायची सोय राहत नाही.

डॉटचीही कटकट आहेच. रूबी भाषेत आणि बॅश शेलच्या महिरपी कंसात `..` शेवटचा आकडा धरतं. रस्ट भाषेत तो सुटतो, हवा असेल तर `..=` लिहावं लागतं. म्हणून मदतीच्या मजकुरात ‘दोन्ही टोकं धरून’ असं स्पष्ट लिहा. अपूर्णांक `०.५` असाच घ्या, `.५` नको, नाहीतर `१...५` कुठे तोडायचं हा घोळ. उणे आकडा सुरुवातीला आला तर `=` लागेल: `--तापमान=-१०..-५`. मध्ये स्पेस दिली तर पायथनचं आर्गपार्स (ऑप्शन वाचणारी लायब्ररी) `-१०..-५` हाच नवा ऑप्शन समजतं आणि एरर देतं. `५०..१०` आलं तर गुपचूप उलटवू नका, एरर द्या.

राहिलं नुसतं `..`. तर्काने त्याचा अर्थ ‘सगळं’, आणि शोधणाऱ्या कमांडमध्ये तो चालेल. पण स्क्रिप्टमध्ये दोन्ही टोकं व्हेरिएबलमधून येत असतील आणि दोन्ही रिकामी निघाली, तरी तुमच्या हातात `..`च पडतं. टूल फाइली डिलीट करत असेल तर तिथे ते सरळ नाकारा आणि ‘सगळं’साठी `--सर्व` असा वेगळा ऑप्शन द्या.