आता हरले तरी ओरडत नाहीत

संघ हरला की घरातला माणूस चिडतो, आदळआपट करतो, जेवताना कुणाशी बोलत नाही. घरच्यांना त्याची सवय असते. माझ्याकडे समुपदेशनासाठी लोक येतात ते त्यानंतर. ‘हल्ली सामना लावतच नाहीत. जिंकले काय, हरले काय, मला काय त्याचं, म्हणतात. डिप्रेशन तर नसेल ना हो?’ बायका विचारतात, आया विचारतात. क्रिकेटबद्दल जास्त विचारणा होते हे खरं. पण आमच्या ग्वाल्हेरात हॉकीवर जीव टाकणारी घरंही कमी नाहीत. त्यातल्याच एका घराची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही.

२०२५च्या जुलैत काकू एकट्याच आल्या. राहायला ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला. काका एकसष्ट वर्षांचे, त्याच वर्षी बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी हॉकीत लेफ्ट इनला, म्हणजे आघाडीच्या फळीत डावीकडे खेळायचे. इथलं रूपसिंह स्टेडियम मुळात हॉकीचं, तिथे क्रिकेट आणलं, हा राग त्यांच्या मनात तिथल्या सचिनच्या द्विशतकानंतरही कायम होता. काकूंनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. बँकेची जुनी छापील डायरी, कडा झिजलेल्या. भारताच्या प्रत्येक सामन्याची नोंद निळ्या शाईत: समोर कोण, गोल कुणाचे, कितव्या मिनिटाला, पेनल्टी कॉर्नर किती वाया गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यातली नेदरलँड्सविरुद्धची १-२ अशी हार सविस्तर लिहिलेली, खाली दोनदा रेघ मारून ‘शेवटी घालवली’. अर्जेंटिनापाशी गोल करणाऱ्यांची नावं गेली, नुसता स्कोअर उरला. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या सामन्यासमोर फक्त एक आडवी रेघ. पुढे कोरी पानं.

ज्यांना हॉकीचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या जूनमध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात आपला पुरुष संघ सलग सात सामने हरला, त्यातले सहा एकेका गोलने. महिला संघाचे हाल याहून वाईट. तो तळाला राहिला आणि लीगमधून खाली, नेशन्स कपमध्ये गेला. काकांना हे जास्त लागलं असावं. राज्याची महिला हॉकी अकादमी ग्वाल्हेरातच, कंपू भागात आहे, आणि सकाळचं फिरणं त्या मैदानाच्या कडेने नेण्याची त्यांची जुनी पद्धत होती. जूनपासून त्यांनी तो रस्ताही सोडला होता.

पुढच्या आठवड्यात काका स्वतः आले. म्हणजे आणले गेले. खुर्चीत बसता बसताच म्हणाले, “काय ताई, आरोग्यशाळेत भरती करायचा विचार आहे का हिचा?” मानसिक आरोग्यशाळा म्हणजे आमच्याकडचं सरकारी मनोरुग्णालय, ग्वाल्हेरात कुणी जरा विचित्र वागलं की पहिली थट्टा तीच. थट्टा सुचते आहे म्हटल्यावर मला थोडं हायसं वाटलं, पण तेवढ्यावर सोडून चालत नाही. झोप कशी आहे, भूक कशी आहे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता का, जगावंसंच वाटत नाही असं कधी मनात येतं का, हे सगळं सरळ विचारलं. या शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

खरा फरक कळतो तो या प्रश्नाने: हॉकी सोडून बाकी कशात मन लागतं? कंटाळा एकाच गोष्टीचा असेल तर ती गोष्ट तपासायची. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नसेल, नातवंडं, खाणं, गाणं, गप्पा सगळंच फिकं झालं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो संघाचा प्रश्न नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. लगेच जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर फोन करावा. आणि समोर तरुण मुलगा असेल तर पैसे लावले होते का, हेही मी हळूच विचारते. ‘टीमने निराश केलं’ म्हणणाऱ्याच्या डोक्यावर कधीकधी कर्ज निघतं.

काकांचं तसं काही नव्हतं. साखर असूनही रविवारी नया बाजारातून बहादुराचे लाडू येत होते, नातवाचं गणित घेणं चालू होतं, भाजीवाल्याशी घासाघीस चालू होती. पण त्यांना स्वतःला एका गोष्टीची भीती वाटत होती, आणि ती त्यांनी काकूंना बाहेर बसवून सांगितली.

“बावीस जूनला आपण बेल्जियमला ४-३ हरवलं. मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. आणि मला काहीच वाटलं नाही, ताई. पेपर उलटला आणि राशिभविष्य वाचलं.”

हे ऐकून मी विचारलं, की हरण्याची तुम्हाला काय नवलाई? भारताने जिंकलेला १९७५चा विश्वचषक ज्याने अकराव्या वर्षी रेडिओला कान लावून ऐकला, त्याने पुढे १९८६मध्ये त्याच स्पर्धेत भारत शेवटचा आलेला पाहिला. २००८मध्ये आपण ऑलिंपिकला पात्रच ठरलो नाही. २०१२ला लंडनमध्ये सगळे सामने हरून बाराव्या, म्हणजे शेवटच्या जागी राहिलो. तेव्हा वही कोरी राहिली नाही. मग याच वेळी का?

काका बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी दोन कारणं सांगितली. पहिलं त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं: तेव्हा आशाच नव्हती. टोकियोत एकेचाळीस वर्षांनी पदक आलं, पॅरिसला पुन्हा आलं, आणि जीव पुन्हा गुंतला. शिवाय सहा-शून्यने हरलं तर माणूस पहिल्या अर्ध्या तासात टीव्ही बंद करून मोकळा होतो. एका गोलने हरणारा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत बसवून ठेवतो. असं आठवड्यातून दोनदा झालं की मन आपणहून हात आखडता घेतं. याला मी आजार म्हणत नाही. जिथे सारखा चटका बसतो तिथून हात काढून घेणं शहाणपणाचंच आहे. ‘खरा चाहता हरतानाही सोबत राहतो’ हे वाक्य मला मुळीच पटत नाही. चाहत्याने हजेरीपट भरायचा नसतो.

दुसरं कारण २०१२बद्दल बोलता बोलता निघालं. तेव्हा चौघं जुने खेळाडू एकाच्या घरी जमायचे. प्रत्येक हारीनंतर एकाने कचोऱ्या आणायच्या, आणि पुढचा सामना आपणच खेळलो तर कोण कुठे खेळेल यावर भांडायचं. हसून हसून पुरेवाट व्हायची. आता एक मुलाकडे पुण्याला, एकाचे गुडघे गेलेले, आणि चौथ्याशी संबंध फक्त व्हॉट्सॲपवर. त्या ग्रुपवर जूनमध्ये नुसता शिमगा चालला होता. कोच हटवा, कॅप्टन हटवा, फुकटखाऊ आहेत सगळे. महिला संघाबद्दल या चौथ्या मित्राने काहीतरी घाणेरडं लिहिलं. कंपूच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुली रोज पाहणाऱ्या माणसाला ते सहन झालं नाही. काकांनी खरमरीत उत्तर दिलं आणि ग्रुप सोडला. तारीख त्यांना पाठ होती. वहीतल्या आडव्या रेघेच्या दुसऱ्याच दिवशीची.

क्रीडा-मानसशास्त्रात चाहत्यांवर बरंच काम झालं आहे. अमेरिकेतले डॅनियल वॉन यांनी त्यात हयात घालवली. आपल्या संघाशी जोडलेल्या माणसाला एकटेपणा कमी जाणवतो, आणि हा फायदा विजयातून कमी, त्या निमित्ताने जोडलेल्या माणसांतून जास्त येतो, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. काकांकडे नेमकी माणसंच उरली नव्हती. संघाचं हरणं तेवढं समोर राहिलं.

संघाला मी जिंकवू शकत नाही, आणि ‘खेळच तर आहे, सोडून द्या’ हेही मी कुणाला सांगत नाही. पन्नास वर्षं जीव लावलेल्या गोष्टीला ‘खेळच तर’ म्हटलं की समोरचा गप्प होतो आणि दुसऱ्यांदा येत नाही. मी दोनच गोष्टी धरल्या. पहिली, गप्प होण्याआधीचा राग. चॅनल बदललं म्हणून जूनमध्ये काका नातवावर असे ओरडले होते की पोरगं दोन दिवस त्यांच्याकडे गणिताला बसलं नाही. हरल्याचं दुःख काकांचं, त्याचा फटका आठ वर्षांच्या मुलाने का खायचा? याची त्यांनी त्याच्याकडे माफी मागावी, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी मागितली, त्यावर नातू काय म्हणाला ते मला सांगायला मात्र साफ नकार दिला.

दुसरी गोष्ट, मित्र. इथे काका अडून बसले. “आधी त्याने फोन करावा.” मी आग्रह धरला नाही. एवढंच सुचवलं, की ज्यांच्याशी भांडण नाही त्या गुडघेवाल्या मित्राकडे जाऊन या, सामना नसेल अशा दिवशी. गेले. मग अधूनमधून जात राहिले.

गणपती ऑगस्टच्या शेवटी आले आणि त्याच दिवसांत बिहारमध्ये राजगीरला पुरुष हॉकीचा आशिया कप सुरू झाला. चौथा मित्र आरतीला घरी आला, काकूंनीच बोलावलं होतं. दोघांनी टाळ वाजवले, मोदक खाल्ले, आणि जूनच्या भांडणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या मते ते बोलायला हवं होतं. पण त्या पिढीच्या पुरुषांची समेटाची रीत हीच, आणि ती चालते हेही मी पाहिलंय. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भारताने कोरियाला ४-१ हरवून कप जिंकला. काकांनी तो सामना पाहिला नाही. विसर्जनाने दमलो, म्हणाले.

पुढच्या रविवारी चीनमधल्या हांगझोऊला महिलांच्या आशिया कपचा अंतिम सामना होता, चीनविरुद्ध. तो मात्र गुडघेवाल्याच्या घरी तिघांनी मिळून पाहिला. आपण १-४ हरलो. संध्याकाळी काकूंचा फोन आला.

“ताई, आल्यापासून बडबड चाललीय हो. बचाव असा का, कॉर्नर असा का. शेजारच्यांना ऐकू जातंय.”

“नातू कुठे आहे?”

“त्यांच्याच शेजारी बसलाय. तोही ओरडतोय.”

काका अजून येतात, महिन्यातून एकदा. हॉकीचा विषय आता क्वचित निघतो. सकाळी दहा वाजता आवरून झालं की कुठे जायचं, हा त्यांचा सध्याचा प्रश्न आहे. बँकेत पस्तीस वर्षं तो पडलाच नव्हता. कंपूच्या रस्त्याने ते पुन्हा जाऊ लागलेत, पण ते फिरणं साडेसातलाच संपतं.